डॉक्टरबेनचं छोटं इंजिन

माझी मुलगी ज्या हातांवर जन्मली त्या हातांनी कधीकाळी आगगाडीची इंजिनं जोडली होती, हे मला एकतीस वर्षांनी कळलं. तेही एका पंख्यामुळे.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी वाइंडिंगला होते. तांब्याची केसासारखी तार घ्यायची, छोट्या मोटरच्या खाचांतून वेढे द्यायचे, टोकं डागायची आणि मोटर पुढे सरकवायची. निवृत्त झाले तरी बोटांची सवय जाईना. मग ओळखीपाळखीत कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा असं घरच्या घरी दुरुस्त करू लागले. त्याच ओळखीतून एकदा निरोप आला, पाणीगेटच्या डॉक्टरबेनचा टेबलफॅन बंद पडलाय.

डॉक्टरबेन म्हणजे आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना जगात आणणाऱ्या बाई. खाली दवाखाना आणि वर घर. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि काचबिंदूने त्यांची नजरही जवळजवळ नेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मी जिना चढून वर गेले तेव्हा त्या हिंचक्यावर बसल्या होत्या. एक पाय जमिनीला टेकवून, अगदी हळू झोका घेत.

"आवो बेन, बेसो," त्या म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं, मुलीचं सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली. "उलटी होती ना तुमची बेबी? पाय खाली. मी फिरवली होती तिला." जन्मभर मराठी पेशंट तपासून त्यांचं मराठी चांगलं झालं होतं, फक्त बोलण्याचा हेल गुजराती राहिला होता.

पंख्याचं काम दहा मिनिटांचं निघालं. हात पुसायला फडकं शोधत होते तर कपाटाच्या काचेआड मला ती दिसली. दोन इंजिनं. एक हातभर लांब, मागे कोळशाचा डबा जोडलेलं. दुसरं तळहातावर मावेल असं, सहा चाकांचं, पोटुशा पाण्याच्या टाक्यांचं. दोन्हींवर साचलेली धूळ मऊ दिसत होती, पिकलेल्या अंजिरावरच्या लवेसारखी.

"ही कुणाची खेळणी?"

"माझी," त्या म्हणाल्या. "आणि ती खेळणी नाहीत."

मग झोका थांबवून त्यांनी सांगितलं. तरुणपणी पुढच्या शिक्षणासाठी त्या दोन वर्षं इंग्लंडला होत्या. इस्पितळाने दिलेली खोली रेल्वे यार्डाच्या मागे होती. बाहेर काळोख लवकर पडायचा, बोलायला कुणी नाही. एका दुकानात प्लास्टिकच्या सुट्या भागांची पाकिटं मिळायची, इंजिनाची, डब्यांची, सिग्नलची. हीटरशी बसून त्यांनी एकेक भाग डिंकाने चिकटवला, बारीक ब्रशने रंगवला. भिंतीपलीकडे खरी इंजिनं डबे पुढेमागे करत असायची आणि इकडे त्यांच्या टेबलावर तसंच एक आकाराला येत असायचं. "पण ही चालत नाहीत. नुसती बघायची. आता बघताही येत नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाय टेकवून झोका सुरू केला.

मी घरी निघाले तेव्हा ऊन उतरत होतं. मांडवीच्या चौकाकडे वळता वळता मला वाटायला लागलं की रिक्षा, सायकली, भाजीच्या गाड्या सगळ्या एकाच अदृश्य रुळावरून सावकाश फिरताहेत आणि मी मध्ये उभी आहे. चौथ्या दिवशी मी परत गेले. म्हटलं, "डॉक्टरबेन, मी चालवून देते. दिसणार नाहीत, पण ऐकू तर येतील."

त्यांनी कपाटाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाल्या, "बेन, प्लास्टिक म्हातारं झालंय. धीमे धीमे."

दोन्ही इंजिनं जुन्या साडीत गुंडाळून मी घरी आणली. पन्नास वर्षांपूर्वीचे सांधे उकलायचे तर जोर लावून चालत नाही. थंडीने जुना डिंक ठिसूळ होतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून छोटं इंजिन पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी आमच्या यजमानांनी बर्फाचा ट्रे काढायला दार उघडलं.

"अगं, हे मटारशेजारी इंजिन कशाला?"

"त्याचे सांधे दुखताहेत," मी म्हटलं.

ते खरंच उकललं. अंगठ्याने जरा दाब दिला की कट् असा आवाज व्हायचा आणि एक टाकी, एक धुराडं, एक पायरी अलगद हातात यायची. तो सगळा आठवडा मी तरंगत होते. टेबलावर पांढऱ्या कापडावर भाग मांडलेले. दुपारी खिडकीतून ऊन यायचं आणि त्या भागांच्या सावल्या लांब होत जायच्या. बघता बघता तिथे यार्ड दिसायचं, धूर दिसायचा, आणि कुकरच्या शिट्टीने मी दचकून भानावर यायचे.

त्याच धुंदीत चूक झाली. मोठ्या इंजिनाचा जुना रंग पोपडे धरत होता. तो काढायला मी कारखान्यातल्या सवयीने थिनर घेतलं. तारेवरचं वार्निश काढायचं थिनर. पत्र्याला चालतं ते प्लास्टिकला चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी विचारच केला नाही. फडक्याने पुसता पुसता ड्रायव्हरची केबिन मऊ पडली, छप्पर खाली बसलं, खिडकीची चौकट बोटाला चिकटून आली. मेणबत्तीसारखी.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ती केबिन रुमालात घेऊन पाणीगेटला गेले आणि जे झालं ते सांगितलं. डॉक्टरबेननी हात पुढे केला. वितळलेल्या छपरावरून, मग खिडकीच्या जागेवरून त्यांचं बोट फिरत राहिलं. ते बोट थांबलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"ही केबिन मी तीन वेळा रंगवली होती," त्या म्हणाल्या. "माझी आई गेल्याची तार आली त्या आठवड्यात. जाता आलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज जा तुम्ही."

मी जिना उतरले. खालच्या बंद दवाखान्याच्या पायरीवर जरा वेळ बसले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची मला काय गरज होती, असं मनात येत राहिलं. आठवडाभर मी इंजिनांकडे बघितलं नाही.

मग त्यांचाच फोन आला. "छोटं कुठपर्यंत आलं?" बस, एवढंच.

मी कामाला लागले. छोट्या इंजिनाची चाकं प्लास्टिकची होती आणि मला हवी होती धातूची, कारण वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरमध्ये जाणार होती. छाणीला एका जुन्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले. त्याने माझं चित्र चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "बेन, आ तो सोनीनुं काम छे." सोनाराचं काम म्हणाला, तरी पितळेची सहा चाकं त्याने कातून दिली, एकेक नथीतल्या मण्याच्या नाजूकपणाने. मोटर आमच्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधली. ती उघडून मी नव्या तारेने भरली आणि बॉयलरच्या पोटात आडवी निजवली. इंजिन इतकं हलकं होतं की चाकं जागच्या जागी फिरायची, म्हणून टायरवाल्याकडचे शिशाचे तुकडे आणून टाक्यांत भरले.

आणि तरीही ते चालेना. जरा पुढे जायचं, अडायचं, थरथरायचं, पुन्हा जरा पुढे.

इथे थोडं सांगायला हवं. समोरासमोरची दोन चाकं ज्या आडव्या आसावर बसतात ती धुरी, अशा तीन; त्या तिन्हींची चाकं दोन्ही बाजूंना बाहेरून एकेका दांडीने एकमेकांना बांधलेली असतात. एका बाजूची दांडी वर असताना दुसरीकडची पुढे असावी लागते आणि तीनही धुऱ्यांवर हे अंतर अगदी सारखं लागतं. एकीचं जरी केसभर चुकलं तरी दांड्या एकमेकींना अडवतात. मी भिंग लावून तासन्‌तास पाहिलं. मला सगळं सारखंच दिसायचं.

शेवटी ते इंजिन घेऊन मी डॉक्टरबेनकडे गेले. त्यांना दाखवायचं नव्हतं, कबूल करायचं होतं. म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही."

"द्या इकडे."

त्यांनी ते मांडीवर घेतलं. डावा हात खाली, उजव्या हाताची दोन बोटं दांडीवर. मग डोळे मिटले. न दिसणारे डोळे त्यांनी मिटले, हे मला अजून आठवतं. चाक त्या इतकं हळू फिरवत होत्या की फिरतंय हे कळू नये. हिंचका थांबला होता. मला माझा नववा महिना आठवला. याच घराच्या खालच्या खोलीत, याच बोटांनी माझ्या पोटावर असंच काहीतरी ऐकलं होतं. तेव्हाही त्यांनी डोळे मिटले होते आणि मी छताकडे बघत, भीती विसरून, कुठेतरी वाहत गेले होते.

"मधली," त्या म्हणाल्या. "मधली धुरी. डावं चाक थोडं पुढे गेलंय."

मी त्यांच्यासमोरच चाक सैल केलं आणि किंचित मागे घेतलं.

"अजून थोडं. बस. नाही, जास्त झालं. हं. चालशे."

मी पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर आणि एक जुना रेग्युलेटर जोडून आणला होता. जेवणाच्या टेबलावर पितळी पट्ट्या वाकवून केलेल्या माझ्या रुळांचं लांबट वर्तुळ मांडलं, इंजिन ठेवलं आणि बटण फिरवलं. ते निघालं. न अडता, न थरथरता, पाण्यावरून बदक जावं तसं. तीस वर्षांत हजारो मोटरींना वेढे दिले, पण मी भरलेली मोटर कुठे जाऊन काय फिरवते हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून, लहान मुलीसारखी बघत बसले.

डॉक्टरबेन कान देऊन होत्या. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या.

"चाले छे," त्या म्हणाल्या. "पण गाडी वाटत नाही. नुसतं गुणगुणतं. आमच्या यार्डात तर खडक् खडक् व्हायचं."

त्यांचं खरं होतं. माझे रूळ अखंड होते. सांधा नसेल तर आवाज कुठून येणार? मी रूळ घरी नेले, बारीक करवतीने ठराविक अंतरावर खाचा पाडल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा मांडले. या वेळी इंजिन निघालं आणि खोलीत तो आवाज उतरला. टिकटिक, टिकटिक, जरा थांबून टिकटिक. डॉक्टरबेननी मान हिंचक्याच्या साखळीला टेकवली. त्यांच्या ओठांवर काहीतरी हलत होतं. त्या कुठे होत्या मला ठाऊक नाही. दुपारभर आम्ही दोघी तशाच ऐकत बसलो. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडत होतं, कुठेतरी मशिदीची बांग झाली, देवळातली घंटा झाली, आणि या सगळ्याच्या मधून ते छोटं इंजिन जात राहिलं.

मोठं इंजिनही पुढे झालं. जुन्या कॅसेटच्या पारदर्शक डब्या कापून मी त्याची केबिन नव्याने बांधली. रंगवायला घेतली तर डॉक्टरबेन म्हणाल्या, "राहू दे. उजेड आत जाऊ दे." म्हणून त्याची केबिन काचेसारखी आहे. ते जरा जड चालतं, वळणावर कुरकुरतं. पहिल्या केबिनीबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत आणि मीही माफी मागून झाली असं समजत नाही.

आता मी दर गुरुवारी जाते. गेल्या महिन्यातली गोष्ट. मी बटण फिरवायला गेले तर त्या म्हणाल्या, "आज मी चालवते." मी रेग्युलेटर त्यांच्या हातात दिला आणि इंजिन खाली पडू नये म्हणून टेबलाशी उभी राहिले. त्यांनी एक फेरी नुसती ऐकली. बोटांनी मांडीवर ठोके मोजत होत्या. दुसऱ्या फेरीलाही मोजलं.

"चौदा सांधे," त्या म्हणाल्या. "तुमची खुर्ची नवव्याला आहे. तुमच्या कपाचा आवाज तिथून येतो."

मी खुर्चीत बसले. इंजिन लांबच्या वळणावर गेलं, फळांच्या टोपलीमागे दिसेनासं झालं, पुन्हा आलं. सात. आठ. त्यांनी बटण सावकाश मागे घेतलं आणि इंजिन बरोबर माझ्यासमोर, माझ्या बशीपासून बोटभर अंतरावर, येऊन उभं राहिलं.

"उतरा बेन," डॉक्टरबेन म्हणाल्या. "तुमचं स्टेशन."

खिडकीत पडदा फुगत होता. पाच वाजून गेले होते, घरी यजमान चहासाठी थांबले असणार.

"झोप लागली होती," मी म्हटलं. "आता पुढच्या फेरीला उतरते."

त्या हसल्या आणि त्यांनी बटण फिरवलं.