'तू'ला इंग्रजी मिळेना

"मॅडम, यात इन्सल्ट कुठाय?" एचआर मॅनेजरनं माझं भाषांतर टेबलावर टाकलं.

मी नगरमध्ये कागदपत्रांची भाषांतरं करते. बहुतेक कोर्टाची, कधी एमआयडीसीतल्या कारखान्यांची. या कारखान्यात एका कामगाराची एन्क्वायरी चालली होती. एन्क्वायरी म्हणजे कंपनीनं भरवलेलं घरचं कोर्ट. फिर्यादी कंपनी, न्यायाधीशही कंपनीचाच. जबाब बहुतेक मराठीत होतात, पण निकालावर सही करणाऱ्या हेड ऑफिसला ते इंग्रजीत लागतात.

कामगाराचं नाव भिंगारदिवे. निम्मं आयुष्य प्रेस मशीनवर गेलेलं. प्रेसच्या तोंडाशी एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. तिला गार्ड म्हणतात. ती काढली की माल भराभर निघतो, आणि कधीकधी बोटंही. नव्या शिफ्ट इंजिनिअरनं ती काढायला सांगितली. भिंगारदिवे म्हणाले, "तूच चालव मग." झालं. पंचविशीच्या साहेबाला पन्नाशीच्या कामगारानं 'तू' म्हटलं, म्हणून सस्पेंड. दोष सिद्ध झाला तर नोकरीच जाणार होती. गार्डबद्दल चार्जशीटमध्ये अवाक्षर नाही.

मी लिहिलं होतं, 'देन यू रन इट.' दुसरं काय लिहिणार?

"पण 'तुम्ही चालवा'चंही हेच होईल ना?" मॅनेजर म्हणाला.

"हेच."

"मग 'तू' दिसणार कसा?"

"नाही दिसणार. इंग्रजीत आता 'तू' नाही."

माणूस एमबीए झालेला. कँटीनमध्ये 'नो मराठी प्लीज'ची पाटी यानंच लावलेली. ज्या भाषेची आरती ओवाळायची तिची एवढीही ओळख नसावी, याची मला कीव आली. मग सांगितलं. इंग्रजीत पूर्वी दोन्ही होते. जवळच्याला, लहानाला, नोकराला 'दाऊ', मोठ्याला 'यू'. पुढे कोण कधी दुखावेल याचा नेम राहिला नाही, तेव्हा लोक सरसकट 'यू' म्हणायला लागले. तीन-चारशे वर्षांपूर्वीच 'दाऊ' बोलण्यातून जवळजवळ गेला, खेड्यापाड्यांत आणि प्रार्थनेत तेवढा राहिला. म्हणजे उरला तो 'तुम्ही'. इंग्रजांनी सगळ्यांनाच 'तुम्ही' करून टाकलं. आपल्या साहेबलोकांना मात्र वाटतं, सगळ्यांना 'तू' केलं.

मॅनेजरचे डोळे चमकले. "मग 'दाऊ' घाला."

"घालते. हेड ऑफिसला वाटेल, कामगारानं साहेबाची प्रार्थना केली."

सह्यांसाठी दोघांनाही बोलावलं होतं. इंजिनिअर मॅनेजरशेजारी, भिंगारदिवे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. भिंगारदिवे पहिल्यांदाच बोलले. "आमी देवालाबी तूच म्हंतो, मॅडम. त्यानं आजून चार्जशीट दिली न्हाई."

"तळटीप द्या," मॅनेजर त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "मराठीत हा अपमान समजला जातो, असं लिहा."

"देते. पण मग दोघांच्याही 'यू'ला द्यावी लागेल."

इंजिनिअरनं आपला जबाब इंग्रजीत दिला होता: 'आय टोल्ड हिम, यू रिमूव्ह द गार्ड.' मी त्याच्याकडे वळले. "तुम्ही यांना मराठीत काय म्हणालात? तू काढ, की तुम्ही काढा?"

इंजिनिअर पेनाचं टोपण काढ-घाल करत बसला.

"सांगा की, सायेब," भिंगारदिवे म्हणाले. "'ए, काढ ती जाळी' म्हनला तुमी. 'तू' तरी कुठं म्हनला?"

तळटिपेचा विषय तिथंच संपला. भाषांतर होतं तसं गेलं. हेड ऑफिसनं वाचलं: इंजिनिअर म्हणतो, गार्ड काढ, कामगार म्हणतो, मग चालवही तूच. पण दोन्हीकडे साधं, सभ्य 'यू'. त्यांनी उलट एकच विचारलं, गार्ड काढायला का सांगितला? चार्जशीट रद्द झाली आणि भिंगारदिवे कामावर परतले.

इंजिनिअरही तिथंच आहे. पुढच्या कामाला गेले तेव्हा दिसला. त्यानंही धडा घेतला होता, आपल्या कुवतीचा. आता तो कामगारांशी फक्त इंग्रजीत बोलतो. बोट नाचवत म्हणतो, "यू, कम हिअर." कागदावर उतरवलं तर त्यात वावगं काही सापडायचं नाही. पन्नाशीची माणसं मान खाली घालून उठतात आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहतात. भाषेतून 'तू' गेला म्हणून तोंडातून जात नाही.