मुलींची सोय

साठच्या दशकाच्या अखेरीस मी जरीपटका वस्तीपलीकडच्या महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. सातवीपर्यंतची शाळा, शे-दीडशे पोरी, आणि एकीलाही लघवीला जायला जागा नाही. मुलं भिंतीकडे तोंड करून मोकळी व्हायची. पोरी मागच्या नाल्याकडे जोडीने जायच्या. एक बसायची, दुसरी राखण करायची. आम्ही शिक्षिका समोरच्या घरात जायचो, लाज गुंडाळून ठेवून.

माझ्या वर्गातली गणितात सगळ्यांच्या पुढे असलेली एक मुलगी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. एकदा उन्हाच्या तलखीत चक्कर येऊन पडली. तिची आई इतवारीच्या बाजारात धान्य निवडायला जायची. खाडा करून ती शाळेत आली आणि मला म्हणाली की पोरगी आता मोठी झाली, नाल्यावर पोट्टे दगड मारतात, दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर मी तिला घरी बसवीन. होईल, असा शब्द मी दिला.

अर्ज लिहायला बसले आणि माझ्यातली चांगल्या घरची मुलगी आडवी आली. 'मुतारी' हा शब्द साहेबलोकांच्या टेबलावर कसा पाठवायचा? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मुलींची सोय करून मिळावी.' तेव्हाच्या नगरसेवकाच्या बायकोच्या कानात खरं काय ते सांगून ठेवलं. काम मंजूर झालं, शाळेमागे खड्डाही खणला गेला.

मग निवडणूक आली. मतदान आमच्याच शाळेत. बायका रांगेत तासन्‌तास ताटकळल्या, आणि त्यांनाही नालाच. इतकी वर्षं महापालिकेत बसलेला पक्ष पडला, दुसरा आला, गुलाल उधळला. आठ दिवसांत मुरुमाची गाडी आली आणि खड्डा बुजवून गेली. का, तर तो आधीच्यांचा खड्डा! खड्ड्यालाही पक्ष असतो हे मला त्या दिवशी कळलं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी नव्या नगरसेवकाकडे गेले. भोवती दहा-बारा पुरुष पानं चघळत बसलेले. त्यांच्यासमोर माझी जीभ पुन्हा अडली. मुलींच्या सोयीचं काम अडलंय, एवढंच म्हणाले. त्याने माझा जुना अर्ज मागवला, वाचला, आणि दिवाळीच्या आत करून देतो म्हणाला.

शब्दाचा पक्का निघाला. बुजवलेल्या खड्ड्यावर त्याने पाणपोई बांधली. तीन नळ, संगमरवरी पाटी, पाटीवर त्याच्या वडिलांचं नाव. पोरींनी पाणी प्यावं म्हणे!

उद्घाटनाला हार झाले, नारळ झाला, आणि हेडमास्तरांनी मला आभार मानायला उभं केलं. मागे ती मुलगी आईजवळ उभी होती. मी म्हणाले, "पोरींना मुतायला जागा हवी होती. तुम्ही त्यांना पाणी पाजलं."

कुणीतरी फिसकन हसलं. नगरसेवकाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याने माझाच अर्ज खिशातून काढून मला दाखवला. "बाई, यात तर तसं कुठंच नाही," तो म्हणाला. आणि खरंच नव्हतं. सगळा संताप त्याच्यावर काढायचा होता, तो अर्धा माझ्यावरच उलटला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आई नाव काढायला आली. मुलगी सोबत होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नवं काही बांधून मिळेपर्यंत थांबा, असं मी विनवलं. आईने ऐकून घेतलं.

"तुमाले तर लिवता येते, बाई," ती म्हणाली. "मंग अर्जात काहून नाही लिवलं?"

मी रजिस्टर उघडलं. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात आमच्याकडे पोरींसाठी वर्षानुवर्षं एकच लिहिलं जाई, 'घरगुती'. आईला वाचता येत नव्हतं, पण मी पेन उचललेलं तिने पाहिलं.

"आता तरी खरं लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'शाळेत मुतारी नाही.' त्या दोघी फाटकाबाहेर पडायच्या आत हेडमास्तरांनी ते लाल शाईने खोडलं आणि वर लिहिलं, 'घरगुती'.