भिकारी मिळेनात

माझं लग्न रविवारी होतं. शुक्रवारी दुपारी बारा वाजता आमच्या परळच्या खोलीत सगळं तयार होतं, फक्त भिकारी नव्हते.

वेंगुर्ल्याकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी भिकाऱ्यांना जेवण घालायची रीत आहे. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने चार-पाच गरीब पंगतीला बसवायचे, त्यांना पोटभर वाढायचं आणि ते उठले की मग घरच्यांनी जेवायचं. तोवर मीठसुद्धा चाखायचं नाही. आईने पहाटेपासून रांधलं होतं. भात, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी, भोपळ्याची भाजी आणि चण्याच्या डाळीचं गोड मणगणं. गावाहून आलेले आठ पाहुणे दहा बाय बाराच्या खोलीत त्या टोपांकडे तोंड करून बसले होते. एवढ्या एकाग्रतेने त्यांना चर्चमध्ये मी कधी पाहिलं नाही.

आईसाठी ही नुसती रीत नव्हती. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तिचं आणि पप्पांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. "मगे जेव नको," आई म्हणाली आणि तिने वाढलेलं ताट उचललं. पप्पा तसेच उपाशी मिलमध्ये गेले आणि साच्यावर, म्हणजे मागावर, काम करता करता छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून आई रोज रात्री माळ जपायची आणि तरीही तिचं समाधान व्हायचं नाही. माझ्या लग्नाचं हे जेवण पप्पांच्या नावाने कोणीतरी पोटभर जेवलं की ते तिकडे, स्वर्गाआधी आत्मे थांबतात त्या शुद्धिस्थळात का काय म्हणतात तिथे, जेवतील, असा तिचा हिशेब होता. मी तेव्हा टायपिंग शिकलेली, शहाणी मुलगी. मी म्हटलं, "आई, तिकडे पोस्टाने पोचतं का जेवण?" तिने मला लाटणं दाखवलं.

भिकारी नसण्याचं कारण संयुक्त महाराष्ट्र. त्या आठवड्यात हरताळ होता. मिल बंद, दुकानं बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. फूटपाथवर बसणाऱ्यांना पोलिसांनी कधीच पिटाळलं होतं. चर्चच्या दाराशी बसणारी पाच माणसं आईने महिनाभर आधी सांगून ठेवली होती. त्यातला एक लंगडा तर मोठा चोखंदळ. मणगणं असेल तरच येतो म्हणाला होता. भिकाऱ्यांना मुंबई महाराष्ट्रात हवी होती की नाही मला ठाऊक नाही, पण हरताळ त्यांनी कडकडीत पाळला.

मी फादरना विचारून आले. फादर म्हणाले, "दरिद्री आपल्यात सदैव असतात, मुली." मी म्हटलं, "फादर, आज दुपारपुरते दोन-तीन दाखवता का?" गेली कित्येक वर्षं ते दर रविवारी आम्हाला संतोषाचा उपदेश करत होते. आहे त्यात सुख माना, परमेश्वराने पुष्कळ दिलंय. तो उपदेश किती मुरला होता ते त्या दिवशी कळलं. मी चाळीत फिरले. हरताळामुळे घराघरात चुली थंड, लोक चहात पाव बुडवून दिवस काढत होते, पण भिकाऱ्यांच्या जेवणाला या म्हटलं की प्रत्येकाचं बरं चाललेलं. एका म्हाताऱ्याच्या गंजीफ्रॉकला भोकांपेक्षा कापड कमी होतं. तो म्हणाला, "देवाच्या दयेने काही कमी नाही."

दीड वाजला. मी सुचवलं की पाहुण्यांनाच भिकारी म्हणून बसवू, तसे ते दोन आठवडे आमचंच खातायत. माझ्या आतेला हे भयंकर लागलं. "आमच्या घराण्यात कोणी हात पसरूक नाय," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्याच नवऱ्याचा हात मणगण्याच्या टोपाकडे सरकत होता. आईने त्यावर पळी मारली.

"जेवण झाला नाय तर लगीन नाय," आई म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन जिना उतरली. ती हे खरं करून दाखवणारी बाई होती. पुढच्या बुधवारपासून उपासकाळ लागत होता, त्यात लग्नं लागत नाहीत, म्हणजे मग एकदम ईस्टरनंतर. मी घाबरून तिच्या मागे गेले.

तळमजल्यावर मिलच्या वायंडिंग खात्यात काम करणारी एक बाई राहायची. तिचा नवरा सत्याग्रहात पकडला गेला होता. घरात सासरा आणि तीन पोरं. त्या लोकांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आई तिच्याशी नळावर बोलायची, पण त्यांच्या घरचं पाणी ती कधी प्यायली नव्हती. आमच्या पूर्वजांनी देव बदलला, पण जात मात्र नीट गुंडाळून बरोबर घेतली, आणि पुढे बोटीतून मुंबईलाही आणली. आई त्या दिवशीही उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आज आमच्याकडे भिकाऱ्यांचा जेवाण आसा," ती म्हणाली. "तुम्ही सगळी येवा."

मी डोळे मिटून घेतले. ती बाई पोरीची वेणी घालत होती, ती पुरी केली, रिबीन बांधली आणि मग म्हणाली, "बाई, आमच्या आजा-पणजानं गावात दारोदार मागून खाल्लं. ते सोडायचं म्हणून तर आम्ही धर्म सोडला. आता तुम्ही बोलवायला आलात."

आवाज अजिबात चढला नव्हता. एरवी आई शब्दाला शब्द लावायची. ती तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला पप्पांच्या मयतालाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

"तो उपाशी गेलो गो," ती म्हणाली. "वाढलेला ताट मी उचललंय. कोणीतरी जेवा गो तेच्या नावान. मी मेल्यार तेका काय तोंड दाखवू?"

त्या बाईने सासऱ्याला टोपी घालायला सांगितलं.

"मेलेल्याच्या नावानं आता आम्ही काही करत नाही," ती म्हणाली. "शेजारणीकडे लगीन आहे म्हणून जेवायला येतो. पण तुम्ही आमच्याबरोबर पंगतीत बसायचं."

"ता चलाचा नाय," आई डोळे पुसत म्हणाली. "आमच्यात आधी भिकाऱ्यांनीच जेवचा लागता."

"मग बसा की. मघापासून दारोदार मागत कोण फिरतंय?"

मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. आईने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि पदर सावरून ती जिना चढायला लागली.

वर पंगत बसली. सासरा, तीन पोरं आणि शेवटी आई. आते भिंतीकडे तोंड करून बसली. मी वाढायला वाकले तर त्या बाईने माझ्या हातातून पळी घेतली. "तू नवरी आहेस, बस गप," ती म्हणाली आणि तिनेच सगळ्यांना वाढलं. म्हातारा भराभर जेवत होता, पोरं मणगण्यावर तुटून पडली होती. आईने मात्र नुसता भात कालवून ठेवला. सात वर्षं ती असंच करत आली होती. आम्ही जेवून उठलो की टोपाच्या तळाशी उरलेलं तिथेच उभ्याने खायची, आणि मला वाटायचं तिला भूकच कमी आहे.

"खा," ती बाई म्हणाली. "तू उपाशी राहून त्याचं पोट भरायचं नाही."

एवढी वर्षं माळ जपून, पप्पांसाठी चर्चमध्ये मिस्सा सांगून, फादरचं ऐकून जे झालं नाही ते त्या एका वाक्याने कसं झालं, मला अजूनही सांगता येत नाही. देवाने ती बाई पाठवली असं फादर नंतर म्हणाले. तिला हे कोणी सांगू नये असं मला फार वाटलं.

आईने घास घेतला. मग दुसरा. ताट पुसून झाल्यावर तिने मान वर न करता ते त्या बाईपुढे सरकवलं आणि म्हणाली, "माका आणखी थोडो भात वाढ."