सुंदराबाईंनी काढलेला झोळ

अमरावतीच्या राजापेठेत शिकवणीवर्गांच्या दोन इमारतींमधल्या बोळात सुंदराबाईंचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही आणि तिची गरजही कधी पडली नाही. कुणालाही ‘ताडपत्रीवाल्या बाई’ विचारा, तो हातातला चहा खाली न ठेवता हनुवटीनंच बोळ दाखवतो. ट्रकच्या ताडपत्र्या, मंडपाची छतं, कूलरची कव्हरं, मोटरसायकलच्या सीटा, जाड कापड म्हटलं की बाईंचं मशीन. पातळ कापडाला त्या हात लावत नाहीत. "ब्लाऊजचं काम नाजूक बाईचं, माह्यं नाई," असं स्वतःच सांगतात, आणि त्यांची बोटं पाहिली की आपण वाद घालत नाही.

माहेर मूर्तिजापूरचं, सासर बडनेऱ्याचं. नवरा जानराव रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत आणि दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. लग्नानंतर दोन वर्षांनी बाई राजापेठेतल्या मोतीराम उस्तादांकडे शिवण शिकायला गेल्या. उस्तादांनी आधी सहा महिने नुसतं उसवायला लावलं आणि मग एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली: कापडात झोळ राहता कामा नये. झोळ राहिला की त्यात पाणी साचतं, पाणी साचलं की ताडपत्री फाटते, आणि खालचा कापूस काळा पडतो. तेव्हापासून बाई शिवून झालेलं कापड फरशीवर पसरतात आणि तळहात फिरवतात. कुठं बोटभर जरी फुगवटा लागला तरी उसवून पुन्हा शिवतात. गिऱ्हाईक घाईला येऊन "राहू द्या ना बाई" म्हणालं तर त्याला पायरीवर जानरावांच्या तावडीत बसवतात. चाळीस वर्षांत त्यांच्या हातच्या छतातून कुणाच्या लग्नात पाणी गळलं नाही. याचा त्यांना गर्व आहे, आणि का नसावा?

अशा बाईंकडे शिडाची होडी कुठून आली, हे सांगायला हवं. शेखर साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. शहरापासून तासाभरावर जे धरण आहे, त्याच्या काठावर त्यांनी टिनाचं शेड टाकून सेलिंग क्लब काढला. उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या आमच्या वऱ्हाडात होड्यांच्या शर्यती, म्हणून लोक आधी पोट धरून हसले. साहेबांनी हसू दिलं. आठ होड्या आणल्या, पोरं शिकवली, आणि या डिसेंबरात तर बाहेरगावच्या संघांना आमंत्रणच धाडलं. पुणे, हैदराबाद, भोपाळ, मिळून चाळीस मुलंमुली, प्रत्येकाची एकट्यानं चालवायची होडी. होडी म्हणजे काय, आंघोळीच्या टबाला डोलकाठी लावावी एवढीच, पण वाऱ्यावर अशी सुटते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब मोटरसायकलवरून बोळात शिरले. मागे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, मांडीवर कापडाची लांब गुंडाळी.

"बाई, ही आरती. भोपाळहून आली. ट्रकमध्ये घासून हिच्या शिडाची शिवण उसवली. अमरावतीत हे काम तुमच्याशिवाय कुणाला देऊ?"

आरतीनं गुंडाळी दोन्ही हातांनी पुढं केली. "आंटी, मेरे पास दूसरा नहीं है. पहले दस में आई तो कैंप में सिलेक्शन होगा. अगले साल मेरी उम्र निकल जाएगी."

"होते, बेटा, होते. फिकर नको करू," बाई म्हणाल्या. त्यांच्या हिंदीत वऱ्हाडीच जास्त असते, पण मुलीला भाव कळला. साहेबांनी तिला परत धरणावर नेलं, आणि बाईंनी शीड फरशीवर पसरलं.

कापड त्यांना फार आवडलं. पांढरं, कडक, बोटाखाली कागदासारखं कुरकुरणारं. पण शिवण बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आडव्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यांचा जोड एका टोकाला बोटभर, मधे अर्धंच बोट. प्रत्येक जोड तसाच. त्यामुळं शीड फरशीवर सपाट बसेना, मधे फुगलेलं राहिलं.

"पाहा बरं," त्यांनी पायरीवरून जानरावांना बोलावलं. "एवढ्या महागामोलाचं कापड, आन् कोन्या नवशिक्यानं शिवलं हाय. सारा झोळच झोळ."

"उसवलं तेवढं शिव ना मंग."

"आन् बाकीचं असंच राहू देऊ? पोरगी एवढ्या दुरून आली."

बाईंनी उसवलेली शिवण तर घातलीच, पण बाकीचे तिन्ही जोडही उसवले, सगळीकडे सारखा बोटभर जोड धरला आणि दुहेरी टीप मारली. संध्याकाळी तळहात फिरवला तर शीड फरशीला फरशीसारखं चिकटलेलं. साहेब न्यायला आले तेव्हा बाई म्हणाल्या, "सांगजा पोरीले, झोळ बी काढून देल्ला." साहेब पाहुण्यांच्या गाद्यांच्या गडबडीत होते, "वा वा" म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या आग्रहावरून दोघं नवरा-बायको स्कूटरवर धरणावर गेले. थंडी मस्त होती. शेडमागं क्लबच्या लोकांनी पाहुण्यांसाठी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे लावले होते. पुण्याची दोन मुलं, हे क्रिकेटचे चेंडू खायचे कसे, यावर गंभीर चर्चा करत होती. जानरावांनी लगेच तो विभाग ताब्यात घेतला आणि तुपात रोडगा कसा कुस्करायचा ते शिकवायला बसले.

शिटी झाली. चाळीस शिडं एकदम सुटली. वारा अगदी मंद होता, पाण्यावर नुसता शहारा उठवणारा. बाईंनी डोळ्यांवर हात धरून आपलं शीड शोधलं, आणि ते सापडायला वेळ लागला नाही, कारण ते जवळजवळ सगळ्यांच्या मागं होतं.

त्यांनी आधी पोरीला दोष दिला. दमली असेल बिचारी. मग वाऱ्याला दिला. मग त्या नीट बघायला लागल्या, कापडवाल्या डोळ्यांनी. बाकीच्या एकोणचाळीस शिडांना पोट होतं. वारा त्यात शिरत होता, भरत होता आणि होडीला ओढून नेत होता. एकट्या आरतीचं शीड भिंतीवर लावलेल्या चादरीसारखं सपाट होतं. वारा यायचा आणि घसरून जायचा.

बाई मटकन खाली बसल्या.

"काहून वं, चक्कर आली का?" जानराव तुपाच्या हातानंच धावले.

"अवो, थो झोळ नवता," त्या हळूच म्हणाल्या. "थे तसंच शिवलं होतं. मुद्दाम. मीनं पोरीची होडी लंगडी केली."

जानरावांनी पाण्याकडं पाहिलं, शेडकडं पाहिलं. मग आवाज खाली घेतला. "चूप राय. कोनाले समजत नाई. सारे म्हनतीन पोरगी मागं पडली."

आणि ते खोटंही नव्हतं. आरती सदतिसावी आली. होडी काठाला लागताच भोपाळचे कोच तिच्यावर बरसले: ध्यान कुठं होतं, दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालवलीस. आरती मान खाली घालून ऐकत होती. तिच्या नाकावरून थेंब गळत होते आणि ते धरणाचे नव्हते. शिडाकडं कुणी बघितलंही नाही.

बाईंना जानरावांचा सल्ला पटला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. चाळीस वर्षांचं नाव होतं, समोर शेखर साहेब होते, चार गावचे पाहुणे होते. पण ती पोरगी दुसऱ्याच्या चुकीची बोलणी खात होती, आणि ते त्यांच्यानं बघवेना. त्या उठल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि कोचच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिले नका बोलू, सायेब. मले बोला. शीड मीनं बिघडवलं."

शेखर साहेबांनी ते हिंदीत सांगितलं. कोचनी शीड काढून वाळूवर पसरलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पूरा फ्लॅट कर दिया," ते म्हणाले. मग शक्य तेवढ्या सभ्यपणे, "अब इसे हाथ मत लगाइए. क्लब का कोई पुराना सेल दे दीजिए." क्लबचं एक शीड शिल्लक होतं खरं, पण ते जुन्या धोतरासारखं लुळं झालेलं.

त्यांनी हिशेब समजावला. एकूण चार शर्यती, आज दोन आणि उद्या रविवारी दोन, त्यातली प्रत्येकाची सर्वांत वाईट एक गाळतात. म्हणजे सकाळची गेली तर गेली. पण दुपारी दोनची तशीच गेली तर निवड विसरायची. आता साडेअकरा झाले होते.

"उसवून जसंच्या तसं करतो," बाई म्हणाल्या. "मशीन नाई, पन सुई हाय." पण शिडाला हात लावला नाही. मागायला तोंडच उरलं नव्हतं.

कोच नाही म्हणायच्या बेतात होते. आरतीनं नाक पुसलं, शीड वाळूवरून उचललं, झटकलं आणि काल दिलं होतं तसंच दोन्ही हातांनी बाईंपुढं धरलं.

"आंटी ही करेंगी," ती म्हणाली.

शेडमध्ये सतरंजी अंथरली. बाईंनी दुहेरी टीप उसवली, आपलीच, मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत. उसवल्यावर कापड उजेडात धरलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. या कापडाची भोकं बुजत नाहीत. पहिल्या कारागिराच्या सुईची एकूण एक खूण तिथं होती. कुठं बोटभर, कुठं पाऊण, कुठं अर्धं, सगळं मोजून. ज्याला कालपर्यंत नवशिका म्हटलं, त्यानंच वाट आखून ठेवली होती. बाई कोण कुठल्या त्या माणसाला मनापासून दुवा देत त्याच्या भोकाभोकांतून सुई घालत गेल्या.

डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, म्हणून सुया ओवायचं काम जानरावांकडं आलं. ते ओवत होते, थुंकीनं दोऱ्याचं टोक वळवत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. जानरावांच्या बाबतीत हा विक्रमच म्हणायचा. हैदराबादच्या संघानं आपल्या दुरुस्तीच्या पेटीतला मेणाचा दोरा आणून दिला. पुण्याची ती दोन मुलं कापड ताणून धरायला बसली, दोघंही आरतीचे प्रतिस्पर्धी. बाईंचं बोट दोनदा फुटलं. शिडाला डाग लागू नये म्हणून त्यांनी पदराची चिंधी गुंडाळली आणि पुढं शिवलं. रोडगे गार झाले.

दोनला दहा कमी असताना शेवटची गाठ पडली. फरशीवर हात फिरवायची सवय जाते कुठं? बाईंनी तळहात ठेवला, आणि मधला फुगवटा हाताला लागला तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झोळ पाहून बरं वाटलं.

दुपारच्या शर्यतीत आरती नववी आली. रविवारच्या पहिलीत बारावी आली, तेव्हा बाईंनी देवळाबाहेर चप्पल हरवल्यासारखं तोंड केलं. शेवटच्या शर्यतीला वारा चढला. आपल्या हाताचे टाके धरतात की नाही, याच्या काळजीनं बाईंनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले, आणि जानराव कानाशी बोलत राहिले: "आता वळली. आता दोघाईले मागं टाकलं. धरले, तुहे टाके धरले!" ती पाचवी आली.

फळ्यावर यादी लागली. सकाळची सदतिसावी गाळून, तीन शर्यतींची बेरीज करून, आरतीचं नाव दहाव्या ओळीत होतं. दहाव्या. त्याखाली शेखर साहेबांनी पट्टीनं रेघ मारली होती.

कोच आले आणि बाईंना हात जोडले. आरती पाठोपाठ धावत आली, ओल्या कपड्यांनिशी, आणि वाकायला लागली. "आंटी, थँक्यू. आपने—"

बाईंनी तिला खांद्याला धरून सरळ केलं.

"थांब. तू काहून मानते माहे उपकार? मीनं तुह्यं कापड बिघडवलं, आन् तू थेच कापड परत माह्याच हातात देल्लं. आजवर माह्यासाठी असं कोनं केलं नवतं वं, पोरी. मोठ्या मानसानं बी नाई."

आरतीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं जानरावांकडं पाहिलं. "अंकल, क्या बोलीं?"

जानरावांनी तीस वर्षं रेल्वेत हिंदी बोलून काढलेली, तिकीट तपासनीसापासून स्टेशनमास्तरापर्यंत सगळ्यांना निरुत्तर केलेलं. आत्ता मात्र ते गमछ्यानं डोळे पुसायला लागले.

मग बाईंनीच आरतीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, आणि त्या पंधरा वर्षांच्या पोरीचे हात आपल्या कपाळाला लावले.