कब्जाच्या वावरातला हुरडा

भोकरदनच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. दर वर्षी एक प्रश्न मी हमखास घालते. एका देशानं दुसऱ्याचा मुलूख वर्षानुवर्षं दाबून ठेवला असेल, तर त्या दुसऱ्याच्या मित्रराष्ट्रांनी काय करावं? उत्तरं ठरलेली येतात. मित्रराष्ट्रांनी चिंता व्यक्त करावी, दोन्ही बाजूंना संयमाचं आवाहन करावं, चर्चेतून मार्ग काढावा. मी समासात लाल पेनानं लिहिते, 'आणि तोवर?' पोरं मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडी. त्यांना कुठं माहीत की हा प्रश्न मला पुस्तकातून नाही, राजूरकडच्या आमच्या वावरातून सुचलेला आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मणक्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरच्या दवाखान्यात पडून होते. पेरणी तोंडावर आली होती. आबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, भेटायला आले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही आराम करा. विहिरीजवळचं वावर यंदा मी पेरतो. पडीक कशाला ठेवायचं?" आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं काकांना बळंच जेवायला बसवलं.

पुढल्या वर्षी आबा हिंडूफिरू लागले, तरी काकांनीच पेरलं. मग दोन वावरांमधला बांध नांगरून टाकला. मग पाइपलाइन आली, कडेनं मोसंबी लागली, तारेचं कुंपण पडलं. सातबारा आजही आबांच्या नावावर आहे आणि ताबा काकांचा. कोर्टात केस आहे, तिला तारखा पडतात. या सगळ्यात आई गेली. मी एकुलती एक, त्यामुळे भांडायला घरात दुसरं कोणी नाही. आणि भांडणात मी कमी पडते असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

पण मला राग काकांचा जितका येत होता, त्याहून जास्त आमच्या बाजूच्या माणसांचा यायचा. एकूण एक सोयरा आबांना सांगून गेला की हे चूक झालं. काकांनाही सांगून आले, अगदी मऊ आवाजात. आणि मग हिवाळा आला की हुरडा यायचा.

आमच्याकडे हुरड्याला कोणी नाही म्हणत नाही. ते काही जेवणाचं आवतन नसतं. वावरात आगटी पेटवायची, ज्वारीची हिरवी कणसं भाजून हातावर चोळायची, सोबत चटणी आणि गूळ. वैऱ्याच्या आगटीजवळही माणूस घटकाभर टेकतो. काकांना हे बरोबर माहीत होतं. त्यांची स्वतःची ज्वारी रोडच्या वावरात भरपूर असायची, पण हुरड्याचा एक पट्टा ते मुद्दाम आबांच्या वावरात पेरायचे आणि आगटी तिथंच लावायचे. आमचे सगळे सोयरे दर वर्षी तिथं बसून खायचे. हुरडा तो हुरडा, त्यात काय एवढं, असं त्यांना वाटायचं. पण ज्यानं कणीस हातात घेतलं, त्यानं ते काकांकडून घेतलं ना! हळूहळू भावकीत सगळेच त्या वावराला काकांचं वावर म्हणायला लागले.

या सोयऱ्यांमध्ये सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे माझे मामा. त्यांचा शब्द चार गावं मानतात. आबांवर त्यांचा खरोखर जीव. आले की म्हणणार, "दाजी, वावर तुमचंच हाय. मी तुमच्या बाजूनं हाय." चहा पिणार, आणि दुपारी हुरड्याला जाणार. कारण मामांची मोसंबी काकांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे, काकांच्याच गाडीतून जालन्याला जायची. सकाळी पाठिंब्याचं भाषण आणि दुपारी व्यापाराचा करार करणाऱ्या देशांबद्दल मी वर्गात शिकवते, तेव्हा मला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. आबांच्या वावरात काकांनी बोअर घेतला होता. पाण्याची धार चांगली लागली होती. खाली काकांनी लिहिलं होतं, 'रविवारी आमच्या शेतावर हुरडा', आणि बोअरची पूजा मामांच्या हस्ते. त्याच आठवड्यात काकांनी मध्यस्थाकडून आबांना निरोप धाडला. केस मागं घ्या, विहिरीकडचं सोडा, ओढ्याकडचा तुकडा तुम्हाला देतो. तडजोडीचे कागद तयार होते, फक्त सही बाकी होती.

मी घरी गेले तेव्हा आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"सही करून टाकतो, माय," ते म्हणाले.

"आबा, असं कसं? इतकी वर्षं लढलात आणि आता?"

"तुझा मामा त्या बोअरवर नारळ फोडणार. मंग वावर कोणाचं ते ठरलंच की. कोर्टात मी काय सांगू? माझा मेव्हणाच तिथं हुरड्याला बसतो म्हणून सांगू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. चिडलेले आबा मी पुष्कळ पाहिले होते, असे कधी पाहिले नव्हते. मी त्यांना एवढंच म्हटलं की रविवार होऊ द्या, मग काय ते करा. ते बरं म्हणाले, पण मला बरं वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या गावी गेले. मामा मळ्यात होते. बसायच्या आधीच मी तोंड सोडलं.

"मामा, तुम्ही रविवारी जायचं न्हाई. काकाशी संबंध बिलकुल तोडून टाका."

मामांनी मला आधी मोसंबी सोलून दिली. मग म्हणाले, "तोडतो. मंग पुढं? मी तोडले, तू तोडले, उद्या त्याच्याशी बोलायला कोण राहील? आज त्याच्या तोंडावर दाजीचं नाव काढता येतं, ते येणं-जाणं हाय म्हणून."

"किती वर्षं बोलून राह्यले तुम्ही? नांगराचं एक तास तरी सुटलं का त्या वावरातलं?"

मामा सालं गोळा करायला लागले. मीही पुढं ताणलं नाही, कारण त्यांचं म्हणणं पार चुकीचं नव्हतं. दूतावासाला कुलूप घातलं की घालणाऱ्याला बरं वाटतं, पण आत अडकलेल्याचा निरोप न्यायला कोणी उरत नाही, हेही मीच शिकवते. मला काकांना धडा शिकवायचा होता. आबांना नेमकं काय हवं होतं, याचा मी त्या मळ्यात बसून पहिल्यांदा नीट विचार केला. त्यांना कोणी काकांशी मारामारी करायला नको होतं. ते वावर काकांचं समजून आपल्या माणसांनी त्यात पाऊल टाकू नये, एवढंच हवं होतं.

"बरं, बोला त्याच्याशी," मी म्हटलं. "त्याच्या घरी जा, चहा प्या, त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर करा. पण त्या वावरातलं कणीस तोंडात घालू नका. आणि का घालत न्हाई ते तिथंच सांगा. दोघांनी समजुतीनं घ्या, असं आता म्हणू नका. ज्याचं गेलं त्यानं अजून काय समजून घ्यायचं?"

"आन् माझी मोसंबी? तिचा तोडा तोंडावर आलाय."

"ते तुम्ही बघा, मामा. फुकटात कोणाची बाजू घेता येत न्हाई."

मामांचा चेहरा लाल झाला. "तू मला शिकवून राह्यली?"

"पगारच त्याचा घेते मी," मी म्हटलं. एरवी ते हसले असते, पण त्या दिवशी उठून पाणी बघायला निघून गेले. काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही. मी परत येताना रस्ताभर स्वतःच्याच जिभेला शिव्या घालत होते.

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. गाडी घेऊन ये, एवढंच म्हणाले. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

आगटी पेटलेली होती. भावकी गोल करून बसली होती. बोअरला हार घातला होता. काका हात जोडून पुढं आले. "या पाव्हणं, तुमच्यासाठीच थांबलो. नारळ तुमच्याच हातानं."

मामा तारेच्या फाटकाबाहेर गाडीवाटेवरच थांबले. मी त्यांच्या मागं उभी होते.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "तुमच्या घरी मी कधी बी जेवीन. बोलायला बोलवा, जल्दी येईन. पण हितं न्हाई. हे वावर माझ्या दाजीचं हाय. माझ्या बहिणीनं हितं खुरपलंय. दाजीनं बोलावलं तर मी हितला हुरडा खाईन."

हुरडा चोळणारे हात थांबले. कोणीतरी म्हणालं, "आज कशाला ते? चांगल्या दिवशी?"

"इतकी वर्षं चांगलंच बोललो," मामा म्हणाले, "त्याचा बोअर झाला."

काका हसले. खरं तर हसायचा प्रयत्न केला. "पाव्हणं, हुरडा खायला वावर कोणाचं ते पाहून राह्यले का? खायची गोष्ट हाय."

"मंग काही अडचण न्हाई. तुमच्या रोडच्या वावरात बी ज्वारी हाय. आगटी तिकडं लावा. मी आत्ता येतो, सगळ्यांच्या आधी बसतो."

काका आगटीकडे वळले. आगटी तिथून हलणार नव्हती, आणि का हलणार नव्हती ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं. मामांनी गाडीवाटेच्या कडेला बसून फडकं सोडलं आणि कोरडी भाकरी खायला सुरुवात केली. माझ्या आत्याचे यजमान आणि त्यांचा भाऊ हात झटकून उठले आणि मामांजवळ येऊन बसले. बाकीचे बसूनच राहिले. काहींनी खाणं चालू ठेवलं. नारळ काकांनी स्वतःच फोडला.

या गोष्टीनं वावर सुटलं असं मी सांगितलं तर माझे विद्यार्थीसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत. बोअर चालू आहे, कुंपण आहे तिथंच आहे. मामांच्या मोसंबीला काकांची गाडी आली नाही. मिळेल त्या व्यापाऱ्याला माल द्यावा लागला, आणि त्याबद्दल ते मला अजून ऐकवतात. ऐकवू देत, त्यांचा हक्क आहे.

त्या दुपारी मी सरळ आबांकडे गेले. मामा आले नाहीत, त्यांना अवघड वाटत होतं. मी सगळं सांगितलं. आबांनी मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

"दाजीचं वावर हाय, असं म्हणला?"

"हो."

"घरात न्हाई? तिथं? सगळ्यांपुढं?"

"काकाच्या तोंडावर, आबा. भावकी बसलेली असताना."

आबांचे खांदे हलायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना. मी त्यांचा हात धरून नुसती बसून राहिले.

"सगळे तिथं जाऊन खाऊन येत होते," ते म्हणाले. "मला वाटायला लागल्तं, माय, की मीच खोटं बोलून राह्यलो. वावर माझं नसंलच."

मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "वकिलाला फोन लाव. म्हणावं, सही न्हाई."