बाजूचं दिसणं

बाबांच्या डोळ्यांवर दुसऱ्यांदा लेझर व्हायचं होतं, त्या सकाळी ते लग्नकार्याला घालायचा पांढरा सदरा घालून निघाले होते. मी मूल या गावी असते, शिवणकाम करते. आई-बाबा सिंदेवाहीजवळच्या गावात. तलावातल्या मासेमारीवरच आमचं घर चालतं. सिंदेवाहीहून चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये मी मूलच्या स्टँडवर चढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. समोर बघतच ते म्हणाले, "इथी माही पोरगी बसनार हाय."

"मीच होय, बाबा."

ते हसले. मला हसू आलं नाही.

काचबिंदू त्यांना असा बाजूनेच आला. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही. डोंग्यात, म्हणजे आमच्या लहान नावेत, शेजारी ठेवलेलं जाळं हाताला लागेना, तलावाच्या पाळीवरून, बांधावरून चालताना म्हशी अगदी अंगावर आल्यावर दिसू लागल्या. समोरचं मात्र सगळं लख्ख दिसायचं, जाळ्याच्या बारीक गाठी ते स्वतः मारायचे. म्हणून आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यात कळलं तोवर डोळ्यातल्या वाढलेल्या दाबाने आतली नस बरीच सुकली होती. तेव्हा पहिलं लेझर झालं. दाब उतरला आणि काही वर्षं बरी गेली. मग तो पुन्हा चढू लागला. रोज टाकायच्या थेंबांनी डोळे चुरचुरायचे, म्हणून बाबा ते टाळायचे.

"पहिल्या वेळी चांगला उपयोग झाला होता, म्हणून परत करून पाहू," त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण बाबा, गेलेली नजर यानं येणार नाही. उरलेली सांभाळायची आहे."

"हो, हो," बाबा म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मंग बाजूचं कधीपासून दिसन, बाई?"

डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच मी त्यांना परत सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. "तसं सांगाच लागते त्याहिले," म्हणाले. "पन एवढी मोठी मशीन काई उगाच हाय का?"

लेझरच्या आधी नजरेची तपासणी होती. एका पांढऱ्या घुमटात डोकं टेकवायचं, बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. बाबा जोरजोरात बटण दाबत होते, उजेड नसतानाही. तपासणारी मुलगी दोनदा थांबली. "काका, दिसल्यावरच दाबा." बाबांचे कान लाल झाले. मग त्यांनी बटण दाबणं जवळजवळ सोडूनच दिलं. कागदावर आलेल्या चित्रात दोन्ही डोळ्यांच्या कडा काळ्या होत्या. डाव्या डोळ्याचा काळेपणा आत सरकत आला होता.

लेझरला फारसा वेळ लागला नाही. डोळा बधिर करणारे थेंब टाकले, डोळ्याला भिंग लावलं. हनुवटी टेकवून बाबा बसले आणि हिरवा उजेड टकटक करत राहिला. बाबांचा एक हात हवेत आधार शोधत होता. मला आत जायची परवानगी नव्हती, दारातूनच बघत होते. तासाभराने दाब तपासून आम्हाला सोडलं.

पुढच्या तपासणीला दाब उतरलेला निघाला. डॉक्टरबाई खूश झाल्या, मीही. बाबा मात्र एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे मान वळवून बघत होते.

"तुमी दोघी हासून राह्यल्या," ते म्हणाले, "मले तं काईच फरक नाई."

आम्हाला मिळालं होतं ते हेच, फरक न पडणं, नजर आणखी न जाणं. ते त्यांना कसं पटवावं, मला समजेना.

घरी गेल्यावर ते रोज सकाळी पाळीवर बसून हात हळूहळू बाजूला न्यायचे आणि कुठे दिसेनासा होतो ते बघायचे. हे आईने मला फोनवर सांगितलं. तलावावरच्या लोकांनी तोवर त्यांना डोंगा द्यायचं बंद केलं होतं. एकदा त्यांचा पाय चुकून ते पाण्यात पडले होते. कोणी रागावून बोललं नाही, प्रेमानेच सांगितलं, "भाऊ, तुमी काठावरच बसा." ते त्यांना जास्त लागलं.

यंदा उजव्या डोळ्याचा दाब टिकला आहे, डाव्याचा चढला. आता लेझर नको, ऑपरेशन करू, उशीर नको, असं डॉक्टरबाई म्हणतात.

"त्यानं दिसन?" बाबांनी विचारलं.

"नाही. आहे तेवढं राहावं म्हणून."

"मंग नाई."

मी समजावलं, रडले, भांडले. आईने दोन दिवस अबोला धरून पाहिला. "चांगल्या डोळ्यानं तुमाले पाहून राह्यलो ना," बाबा म्हणतात.

आता मी रोज संध्याकाळी फोन करून थेंबांचं विचारते. कधी आई म्हणते टाकले, कधी म्हणते, "आज डोये मिटूनच बसले, बाई. जबरदस्ती कशी करू?" मी शिलाई मशीनवर पाय ठेवून बसलेली असते. मी फोन ठेवत नाही, आणि आईही ठेवत नाही.