माझा डावा कान आणि मायचं तेल

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण हा गाढवपणा मी अडाणी असताना नाही, बी.एस्सी. झाल्यावर केलाय!

आमचा लातूर जिल्हा नवा, दुष्काळ जुना, आणि माझा वाहता कान त्याहून जुना. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलेलं, "पडद्याला भोक आहे. थेंब टाका, कान कोरडा ठेवा. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घाला. कान कोरडा राहूनही भोक बुजलं नाही, तर ऑपरेशन करून पडदा बसवू. आणि कानात तेल अजिबात नको!"

बस्स! मी अख्ख्या गल्लीला तेलाविरुद्ध भाषणं दिली. लसणाचं तेल कढवणाऱ्या मायला तर रोज.

मग काय झालं? टँकर येऊन गेला, आणि दुसऱ्या सकाळी माझा डावा कान ठार बंद! थेंब टाकले, तर ते गालावर. आत जागाच नाही! पू मेंदूकडे निघाला, दुसरं काय?

"माय, झोपेत तेल ओतलंस ना?"

"महादेवाची आन, थेंब न्हाई टाकला."

"खोटं बोलू नकोस!"

"कामून वरडून राहिलास लेकरा? मी बहिरी न्हाई."

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. रात्री पू बाहेर येऊन उशी ओली होते का, तेवढं तपासायचो. पाचव्या दिवशी लातूरची एस.टी. धरली. मायही निघाली. मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला बसली आणि वाटभर ऐकवत राहिली.

डॉक्टरांपुढे मी म्हणालो, "ऑपरेशन आजच करा. हिनं तेल घातलंय."

त्यांनी दिवा लावला, आत वाकून पाहिलं, चिमटा घातला आणि बोटभर कापूस ओढून काढला.

"आंघोळ कधी केली होती?"

मी बोटांवर दिवस मोजू लागलो. माय म्हणाली, "टँकर आल्ता त्या दिशी, साहेब. पाच दिस झाले."

"कापूस घालायचा सांगितलं, तसा काढायचाही असतो, बी.एस्सी.!"

खोलीतलं हसू मला दोन्ही कानांनी ऐकू आलं. परत येताना मी मायची माफी मागितली. "र्‍हाऊ दे," ती म्हणाली, "पर गल्लीला तूच सांग."

सांगितलं. तेव्हापासून टँकर गेला, की डोक्यावरची घागर उतरवायच्या आधी बाया माझ्या दारात थांबतात.

"कापूस काढला का हो, भाषणवाले?"